ठाण्याजवळचे घर

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके असून त्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. वणी आणि उमरखेड ही टोके मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत. त्यामुळे मुकुटबन, पाटण किंवा बिटरगाव ठाण्यातल्या अंमलदाराला यवतमाळच्या पोलीस लाइनमधले क्वार्टर फारसे कामाचे नसते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कर्मचारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. मध्यरात्री अपघात झाला, गावात दोन गटांत जुंपली, तर हाक मारताच येईल एवढ्या अंतरावर मनुष्यबळ हवे. म्हणून पोलिसाचे निवासस्थान ही ठाण्याच्या कामाचीच गरज ठरते. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही सर्व पोलिसांना कुटुंबासह राहता येईल अशी घरे द्यावीत, असे सुचवले होते.

क्वार्टर नसेल त्याला घरभाडे भत्ता मिळतो. तो मूळ वेतनाच्या टक्केवारीत असतो आणि लहान गावांसाठी त्याचा दर सर्वांत कमी. या हिशेबात गावात भाड्याने घर मिळतेच, असे गृहीत धरलेले असते. पण हे गृहीत सगळीकडे टिकत नाही. वणी परिसरात कोळसा खाणी आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीने आपल्या कामगारांसाठी भालरला वसाहत उभारली. पोलिसाला मात्र याच भागात बाजारभावाने खोली शोधावी लागते. उमरखेड तालुक्यातल्या पैनगंगा अभयारण्यालगतच्या ‘बंदी भागा’त अडचण निराळी. तिथे भत्ता हातात असला, तरी भाड्याने देण्याजोगी पक्की घरेच मोजकी. मग कुटुंब मुलांच्या शाळेसाठी उमरखेड किंवा पुसदला ठेवायचे आणि स्वतः अप-डाऊन करायचे, हा मार्ग उरतो. अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा आहे. तेवढा काळ रोज दुचाकीवर काढणे सोपे नाही. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. रात्रपाळी संपवून जंगलातल्या रस्त्याने परतणाऱ्या महिला अंमलदाराचा विचार केला, तर ठाण्याच्या आवारातल्या खोलीचे मोल कळते.

बांधकामाची जबाबदारी १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाकडे आहे. आधी जागा पोलीस खात्याच्या नावे लागते, मग प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, निधी आणि निविदा. जागा वनजमिनीत असेल, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची परवानगीही घ्यावी लागते. दुर्गम ठाण्यांना लागणारी घरे थोडीच असतात. पाच-दहा क्वार्टरच्या कामासाठी सिमेंट-सळई लांबून न्यायची, म्हणून ठेकेदारही फारसे उत्सुक नसतात. मोठ्या वसाहतींना प्राधान्य मिळण्यामागे हे साधे गणितही आहे.

घर घेण्यासाठी पोलिसांना खात्यामार्फत कर्ज मिळते. पण त्यातून उभे राहणारे घर बहुधा मूळ गावी किंवा शहरात असते आणि ते निवृत्तीनंतरच्या कामी येते. नेमणुकीच्या ठिकाणच्या मुक्कामासाठी सरकारी क्वार्टरच लागते. बदलीनंतर ते वेळेत रिकामे होणे आणि त्याची डागडुजी नियमित होणे, हेही नव्या बांधकामाइतकेच गरजेचे आहे. छत गळू लागले की ते क्वार्टर कोणी घेत नाही आणि कागदावर मात्र निवासस्थान उपलब्ध दिसत राहते.