सतराव्या वर्षीचा होकार

लेखांक पाचवा

गेल्या आठवड्यात आपण 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्यापाशी थांबलो होतो. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच तो कायदा सांगतो. बास्केटबॉलचा त्यात उल्लेखही नाही. पण अमेरिकन कॉलेजांचा जीव पुरुषांच्या फुटबॉलमध्ये अडकलेला. बड्या कॉलेजांत त्या एका संघासाठी 85 शिष्यवृत्त्या खर्ची पडत. मग मुलींच्या पारड्यातही काही टाकणं भाग होतं. म्हणून वरच्या श्रेणीतल्या, म्हणजे 'डिव्हिजन वन'मधल्या कॉलेजला पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी 13 आणि महिलांसाठी 15 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात आलं. कित्येक वर्षं हाच हिशेब चालला.

या पंधरा जागा कुणाला मिळतात, कशा मिळतात आणि मिळाल्यावर पुढे काय होतं, हे आज पाहू. त्यासाठी मी एकच कॉलेज घेतलं आहे: आयोवा विद्यापीठ. मक्याच्या शेतांचं हे राज्य मुलींच्या बास्केटबॉलचं जुनं माहेरघर. इथल्या शाळांत मुली 1993 पर्यंत सहा-सहा जणींचा वेगळाच खेळ खेळत: तिघी फक्त आक्रमण करणार, तिघी फक्त बचाव, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. गावोगावच्या हॉलमध्ये तो खेळ बघायला गर्दी लोटायची. लेकी-सुनांचे सामने बघायची सवय असलेल्या या राज्यात 2002 साली केटलिन क्लार्क जन्मली.

आता निवड कशी होते ते बघा. शाळेच्या संघातून खेळणं पुरेसं नसतं. चांगल्या मुली उन्हाळ्यात क्लबकडून खेळतात, आणि या क्लबांच्या स्पर्धांमागे नायकी, आदिदास, अंडर आर्मर अशा बूट बनवणाऱ्या कंपन्या उभ्या असतात. जुलैत एकेका हॉलमध्ये शेजारी शेजारी डझनभर कोर्टं मांडलेली असतात आणि भिंतीलगत कॉलेजांचे प्रशिक्षक आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून बसलेले असतात. बोलायचं केव्हा, नुसतं बघायचं केव्हा, घरी केव्हा जायचं, याचं वेळापत्रक एनसीएए ही देशपातळीवरची संघटना ठरवून देते. कित्येक दिवस असे असतात की प्रशिक्षकाने मुलीसमोर येऊन बसावं, पण तिच्याशी बोलायचं नाही. मग तो नुसताच बसतो. आपण आलो होतो, हे तिला दिसावं म्हणून.

पुढे फोन, पत्रं, घरी भेटी, कॉलेज दाखवायला नेणं. आपल्याकडे मुलीला मागणी घालायला माणसं यायची, त्याच्याशी याचं बरंच साम्य आहे. आई-वडिलांशी गोड बोललं जातं, घरातल्या आजीचीही चौकशी होते. पण इथे पसंती मुलीची. तोंडी होकार दिला तरी तो कुणाला बांधून ठेवत नाही. खरी सही शेवटच्या शालेय वर्षात, बहुतेकींची नोव्हेंबरमध्ये.

क्लार्कने आधी नोटर डेमला तोंडी होकार दिला होता. कॅथलिक घर, कॅथलिक शाळा, आणि नोटर डेम हे देशातलं नावाजलेलं कॅथलिक विद्यापीठ. शिवाय तो संघ 2018 साली राष्ट्रीय विजेता ठरलेला. घरच्यांनाही ते पसंत होतं. पण तिचं मन घेईना. शेवटी तिने तिथे फोन करून नकार कळवला आणि घरापासून गाडीने दोन तासांवरच्या आयोवाला होकार दिला. 2020 साली शाळा संपवणाऱ्या मुलींच्या एका प्रतिष्ठित क्रमवारीत ती तेव्हा चौथी होती. पहिली पेज बेकर्स, दुसरी एंजल रीस, तिसरी कॅमेरॉन ब्रिंक.

हा निर्णय समजून घ्यायचा तर प्रशिक्षकाच्या डोक्यातला नकाशा बघावा लागतो. मुलगी किती चांगली आहे, हा त्याच्यापुढचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ती ज्या जागेवर खेळते तिथे आपल्याकडे आधीच कोण आहे आणि ती कधी बाहेर पडणार. हाच प्रश्न मुलीनेही विचारायला हवा, आणि बऱ्याच जणी विचारत नाहीत. नावाच्या मोहाने मोठ्या संघात जातात आणि दोन वर्षं बाकावर बसून काढतात. आयोवाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी क्लार्कच्या हाती पहिल्या दिवसापासून चेंडू दिला. अर्ध्या कोर्टाच्या आसपासून बास्केटवर नेम धरायची तिची खोड त्यांनी मोडली नाही. चार वर्षांत तिने 3,951 गुण केले. कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत पुरुष-महिला मिळून इतके कुणीच केले नव्हते. 2024 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात आयोवा हरलं, पण तो सामना सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला 1 कोटी 48 लाख होते.

या खेळाच्या नियमांतलं एक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुरुष खेळाडू कॉलेजात एक वर्ष काढून एकोणिसाव्या वर्षी एनबीएत जाऊ शकतो. अमेरिकन मुलीला मात्र डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत उतरायचं तर त्या वर्षात बावीस पूर्ण व्हावी लागतात, किंवा पदवी हाती यावी लागते, किंवा कॉलेजची चार वर्षं खेळून व्हावी लागतात. मुलींच्या खेळाची सगळी घडण या एका नियमातून आली आहे. प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलीला घेतो तो चार वर्षांसाठी. प्रेक्षक तिला अठरापासून बाविसापर्यंत वाढताना बघतात. म्हणून त्यांना ती आपली वाटते.

आणि चार वर्षांनंतर? आता आयोवाचीच दुसरी मुलगी घेऊ. मेगन गुस्टाफसन. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट विंग नावाच्या चिमुकल्या गावची. 2019 साली देशातली सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडू म्हणून तिची निवड झाली. त्या एका हंगामात तिने हजारावर गुण केले. एप्रिलच्या निवडीत डब्ल्यूएनबीएच्या डॅलस विंग्ज संघाने तिला सतराव्या क्रमांकावर घेतलं, आणि मे महिन्यात, हंगामाचा पहिला सामना व्हायच्या आधीच, संघातून काढून टाकलं. देशातली सर्वोत्तम! पुढे त्याच हंगामात तिला परत बोलावलं, तिने अनेक संघ पाहिले, स्पेनचं नागरिकत्व घेतलं आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्पेनकडून खेळली. मला तिची कहाणी क्लार्कच्या कहाणीहून जास्त शिकवणारी वाटते.

तिला काढलं यात तिचा काही दोष नव्हता, हा जागांचा हिशेब आहे. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजं, सुमारे पाच हजार मुली. दर वर्षी त्यांतल्या हजारेक बाहेर पडतात. 2024 पर्यंत डब्ल्यूएनबीएत संघ होते 12 आणि संघात जास्तीत जास्त 12 जणी, म्हणजे जगभरातल्या खेळाडूंसाठी मिळून 144 जागा. निवडीत 36 नावं पुकारली जात, त्यात परदेशी मुलीही असत. आधीची कुणी बाहेर पडली तर नवीला जागा. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या अनेकींना नाव पुकारल्याचा आनंद चार आठवडेही टिकत नाही. 2025 मध्ये गोल्डन स्टेट व्हाल्करीज हा तेरावा संघ आला, पुढे टोरांटो, पोर्टलंड, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया असे संघ जाहीर झाले आहेत. दार रुंद होतं आहे, पण त्यापुढची रांगही तशीच लांब आहे.

पैशाचं काय, हे विचारल्याशिवाय वाचक मला सोडणार नाहीत. 2024 साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर होता. बड्या खेळाडूंनाही त्या काळी अडीच लाखांच्या आसपास. म्हणून वर्षानुवर्षं या मुली उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये खेळत. डायना टॉरासी तर 2015 चा अमेरिकन हंगामच खेळली नाही, कारण तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घेण्याचे पैसे दिले. ब्रिटनी ग्रायनर 2022 च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, तीही या दुसऱ्या नोकरीवर निघालेली. दहा महिने ती कैदेत होती. पगाराच्या आकड्यांमागे हेही आहे. 2025 च्या जानेवारीत नफीसा कॉलिअर आणि ब्रियाना स्टुअर्ट या खेळाडूंनी मायामीत 'अनरायव्हल्ड' ही तीन-तीन जणींची हिवाळी लीग सुरू केली, ती मुलींना घरी राहून कमावता यावं म्हणूनच.

इकडे कॉलेजात उलटंच घडलं. 1 जुलै 2021 पासून विद्यार्थी खेळाडूला आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यामुळे कॉलेज स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ लागलं. सगळे खेळ मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा अर्थात पुरुषांकडेच जातो. शिवाय कॉलेज बदलताना पूर्वी एक वर्ष बाहेर बसावं लागे, तीही अट गेली. परिणाम असा की 2025 च्या वसंतात नोटर डेमच्या ऑलिव्हिया माइल्सचं नाव निवडीत अगदी वरच्या क्रमांकांवर घेतलं जात असताना तिने व्यावसायिक लीगला थांबायला सांगितलं आणि आणखी एका वर्षासाठी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ गाठलं. कॉलेजच व्यावसायिक संघाहून बरं, असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

तरी पैसा हेच एकमेव कारण असतं असं मी मानत नाही. एजा विल्सनचं उदाहरण मनातून जात नाही. 2014 साली देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या या मुलीने कनेटिकट आणि टेनेसी सोडून घरचंच साउथ कॅरोलायना विद्यापीठ निवडलं. तिच्या आजीला लहानपणी या विद्यापीठाच्या आवारातून जायची बंदी होती. कृष्णवर्णीय असल्यामुळे तिला वळसा घालून जावं लागे. 2017 साली विल्सनने प्रशिक्षक डॉन स्टेलींच्या त्या संघाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि 2021 मध्ये तिथल्या क्रीडागृहाबाहेर तिचा पुतळा उभा राहिला. असल्या कारणाला कुठल्या क्रमवारीत जागा असते?

आपल्याकडच्या मुलींना हा रस्ता अगदीच अनोळखी नाही. पंजाबची हरसिमरन कौर एनबीएच्या प्रशिक्षण कार्यक्रमातून सॅन दिएगो विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला ते जाहिरातीचे पैसे सहज घेता येत नाहीत, हे घरच्यांनी आधीच जाणून असावं. भारतात या खेळातली स्थिर मिळकत म्हणजे अजूनही प्रामुख्याने खेळाडू कोट्यातली नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षं वरचढ का, याचं उत्तर त्या पगारातच आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तरी तिच्यापुढे देशातली कुठलीही मोठी व्यावसायिक महिला लीग उभी नव्हती. नागपूर-पुण्याच्या कोर्टांवर घाम गाळणाऱ्या मुलींच्या पालकांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन: कॉलेज निवडताना पदवी कशाची मिळणार आणि खेळायला किती मिळणार, हे दोनच प्रश्न विचारा. डब्ल्यूएनबीएचं नाव काढून कुणी मागणी घालत असेल तर जरा सावध राहा.

आयोवाची तिसरी मुलगी सांगायची राहिली. केट मार्टिन. गुस्टाफसनच्या शेवटच्या वर्षी ती नवखी होती आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो अख्खा हंगाम बाहेर बसून होती. नंतर ती क्लार्कच्या संघाची कर्णधार झाली. 15 एप्रिल 2024 ला ब्रुकलिनमध्ये निवड होती. आमंत्रित खेळाडू पुढे टेबलांशी बसतात. मार्टिनला आमंत्रण नव्हतं. ती मैत्रीण क्लार्कचं कौतुक बघायला प्रेक्षकांत बसली होती. अठरावं नाव पुकारलं गेलं ते तिचं. ती प्रेक्षकांतून उठून मंचावर गेली. लास व्हेगास एसेसच्या सरावात टिकली, संघात राहिली. त्या हंगामात त्याच संघात तिच्याबरोबर होती मेगन गुस्टाफसन.

पुढच्या आठवड्यात: एका कॉलेजमधून दुसऱ्यात जाणाऱ्या मुली आणि रिकाम्या राहणाऱ्या वर्गखोल्या.