बस्ती, नौली आणि पाऱ्याची नळी

हठयोगाच्या ग्रंथांत पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेचा मान मोठा असला, तरी समाधीच्या ओढीने ती उघडणारा भाविक वाचक दुसऱ्या उपदेशातील षट्कर्मांपाशी येताच बहुधा संकोचाने पान उलटतो. कारण चार अंगुळे रुंद व पंधरा हात लांब ओले वस्त्र हळूहळू गिळण्याची धौती, अथवा नाभीइतक्या पाण्यात उत्कटासनात बसून, गुदद्वारी नळी ठेवून पाणी आत ओढून घेण्याची बस्ती, ही त्यास अध्यात्मापेक्षा गारुडविद्येच्या अधिक जवळची वाटते. मला मात्र हठयोगाचे तत्त्वज्ञान याच पानांत उघड झालेले दिसते. चित्त आणि प्राण यांची गती परस्परांत गुंतलेली, प्राणाच्या वाटा मलाने रोधलेल्या. तेव्हा मनोनिग्रहाचा आरंभ आतड्यांपासूनच व्हावयाचा.

बस्तीत पाणी वर चढते ते कशाच्या बळावर, हे गुरूने करून दाखवावे व शिष्याने गिरवावे या शिरस्त्यात कोणास विचारण्याची निकड नव्हती. ती भासली जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद, यांस. 1883 साली डभई येथे जन्मलेले, बडोद्यास प्रा. माणिकरावांकडे शरीर कमावलेले, अमळनेरास अध्यापन केलेले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योग शिकलेले हे ब्रह्मचारी अध्यापक, बडोद्याच्या रुग्णालयातील क्ष-किरण यंत्रापुढे उड्डियान आणि नौली यांची परीक्षा करू लागले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर खेचले असता श्वासपटल उचलले जाते. नौलीत पोटाचे उभे स्नायू पुढे काढले असता मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा उतरतो, आणि पाऱ्याच्या दाबमापकाने त्याची साक्ष दिली. पाणी आत शिरते ते या अंशतः निर्वातामुळे. या निर्वातास त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. ऑक्टोबर 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात हे प्रयोग नोंदले जाऊ लागले.

प्रयोगशाळा त्यांनी योगाची वकिली करण्यास उभारली असती, तर तिचे मोल बेताचेच राहते. प्राणायामाने शरीरास ऑक्सिजनचा भरघोस पुरवठा होतो, ही आजही योगवर्गांच्या पत्रकांतून मिरवणारी समजूत, त्यांनी प्रयोगांती नाकारली. प्राणायामाचे सामर्थ्य त्यांच्या मते मज्जासंस्थेच्या संस्कारात होते. दाब पाऱ्याने मोजता येतो, नाडीशुद्धी, म्हणजे प्राणाच्या वाटांची शुद्धी, मोजता येत नाही, हा भेद पुसून टाकणारे उत्साही प्रचारक पुढे पुष्कळ निघाले.

षट्कर्मे सरसकट सर्वांच्या माथी मारणाऱ्यांनी तर मूळ ग्रंथाचेच दफ्तर उघडून पाहावे. मेद आणि कफ ज्याच्या ठायी अधिक, त्यानेच ती प्राणायामापूर्वी करावीत, ज्याचे दोष सम आहेत त्याने करू नयेत, असा स्वात्मारामाचा निर्बंध आहे. इतकेच नव्हे, तर सर्व मल प्राणायामानेच शुष्क होतात, अन्य कर्म नको, असे मानणाऱ्या आचार्यांचे मतही तो त्याच उपदेशात नमूद करतो.