धोका पलीकडे नाही, आपल्या ग्रुपवर आहे

परळ-दादरच्या एखाद्या शाळेत कुणी म्हणालं, ‘इंग्लंडमधल्या एका वर्गाशी व्हिडिओ कॉल करू या का?’ तर स्टाफरूममधून उत्तर येतं, ‘नको ती भानगड, पलीकडे कोण बसलंय कुणाला ठाऊक!’ आणि त्याच दुपारी स्नेहसंमेलनाचे शंभरेक फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात, तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. भीती आणि बेफिकिरी यांनी जागांची अदलाबदल केली आहे, असं माझं मत.

‘ग्रुप आपल्याच पालकांचा आहे, फोटो बाहेर कशाला जाईल?’ हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. कुठलाही एक फोटो मोठा करून बघा. पहिल्या रांगेतल्या मुलाच्या गळ्यात आयकार्ड असतं. त्यावर नाव, तुकडी, रक्तगट, वडिलांचा मोबाइल, कधी तर चाळीचं नाव आणि खोली नंबरसुद्धा. हल्लीचे कॅमेरे इतके चांगले की हे सगळं वाचता येतं, आणि फॉरवर्ड व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. उपाय बिनखर्चाचा: फोटोआधी आयकार्ड खिशात. मातीचा गणपती करणारे हात दाखवा, चेहरे दिसलेच पाहिजेत असं नाही. आणखी एक बारकावा. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली ठिकाणाची नोंद काढून टाकतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती नोंद जशीच्या तशी पुढे जाते. (दहावीच्या निकालानंतर नाक्यानाक्यावर फोटो, नाव आणि टक्क्यांसकट लागणाऱ्या फ्लेक्सबद्दल काय बोलावं! तिथे तर फॉरवर्डचीही गरज नाही.)

‘मूल तेरा वर्षांचं झालं की झालं’ हेही अर्धवट खरं. तेरा ही बहुतेक सोशल मीडिया कंपन्यांनी खातं उघडण्यासाठी ठेवलेली अट. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रवेशाच्या वेळी घेतलेली एक मोघम सही पुरेल, या भरवशावर शाळांनी राहू नये.

ग्रुपच्या ॲडमिनला मात्र उगाच घाबरवलं जातं. सदस्याने काही वावगं टाकलं तर ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. संगनमत किंवा आधीचा कट दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

‘सरकारी शिक्षकाने पोस्टच करू नये’ हेही खरं नाही. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाच्या कक्षेत स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही येतात, म्हणजे महापालिकेचे शिक्षक आलेच. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, असं तो सांगतो. केलेल्या कामाबद्दल लिहायला मुभा आहे. फक्त त्यातून स्वतःची स्तुती होऊ नये. ही शेवटची अट पाळणं सगळ्यात अवघड, हे आपल्यात राहू दे.

आता परदेशी शाळेकडे. ‘ते मोठ्या फीच्या शाळांचं काम’ म्हणणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी आठवावं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले इतर देशांतल्या वर्गांशी ऑनलाइन उपक्रम करत होते. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

‘आमच्या मुलांना इंग्रजी कुठे येतं?’ मॉरिशसच्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो, आणि तिथलं घड्याळ आपल्या फक्त दीड तास मागे. सुरुवातीला तिथे मराठीतच बोला की! पण इंग्रजीतलं जोडकामही विषय घरचा असेल तर अडत नाही. लालबाग-परळच्या वर्गाने मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमच्या शाळेशी बोलून बघावं. तेही गिरण्यांचंच गाव, आणि तिथल्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रं इथल्या अनेक गिरण्यांत होती. मुंबईत ताडदेवची पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. आता दोन्हीकडच्या गिरण्या बंद आहेत. ‘तुमच्या आजोबांच्या वेळी भोंगा किती वाजता व्हायचा?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येतो. साचेखातं आणि बदली कामगार म्हणजे काय, हे मुलांनी घरी विचारून यावं.

अनोळखी माणसाचा प्रश्न उरतो. ईमेल आला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. त्या शाळेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्यावर आपण स्वतः लिहून खात्री करायची. पहिला कॉल फक्त शिक्षकांचा. मुलांचा कॉल शाळेच्या खात्यावरून, वर्गात, दोन शिक्षक हजर असताना. मुलांचं फक्त पहिलं नाव. रेकॉर्डिंग होणार की नाही, हे आधी लेखी ठरवावं. आणि कुणाचा मोबाइल नंबर कुणाला नाही, शिक्षकाचासुद्धा. खातं हॅक झालं किंवा फसवणूक झाली तर हेल्पलाइन १९३०, मुलाला त्रास झाला तर १०९८.

वेळेचं म्हणाल, तर दोन सत्रांत चालणाऱ्या आपल्या शाळांची इथे सोयच आहे. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणून तो सकाळच्या सत्राला जमतो. ब्रिटनमधले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. तो दुपारच्या सत्राचा. त्यांची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कॉल आधी ठरवून ठेवला असेल तर वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी.