बातमी आडवी वाचायची

माझी भाची इथे सातवीत शिकते. प्लॅस्टिकवरच्या प्रकल्पासाठी माहिती शोधताना तिने मला वर्गात मिळालेली यादी दाखवली. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे का? शुद्धलेखन बरोबर आहे का? ‘आमच्याविषयी’ असं पान आहे का? तिची साइट तिन्हींत पास! पण ‘डॉट ऑर्ग’ कोणालाही विकत घेता येतं, आणि स्वतःविषयीच्या पानावर स्वतःची निंदा कोण करेल?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेतल्या १२ राज्यांतल्या विद्यार्थ्यांची ७,८०४ उत्तरं तपासून अहवाल काढला. त्यात हायस्कूलच्या मुलांना वेड्यावाकड्या डेझींचा फोटो दाखवला होता, मथळ्यात ‘फुकुशिमा’. फोटो कोणी काढला, कुठे काढला, काही पत्ता नाही. तरी जवळपास ४० टक्के मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. का, तर फोटो आहे म्हणून! (अशी जोडलेली, चपटी फुलं किरणोत्सर्ग नसतानाही येतात, झाडाच्या वाढत्या टोकात बिघाड झाला की पुरे.)

मुलांना हसण्याआधी पुढचं वाचा. याच गटाने १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट पारखायला दिल्या. पीएचडी झालेले इतिहासतज्ज्ञसुद्धा चकले. ते त्याच पानावर थांबून वरून खाली बारकाईने वाचत राहिले. तपासनीस मात्र काही क्षणांत पान सोडून नव्या टॅब उघडत आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते बघत. हे ‘लॅटरल रीडिंग’, म्हणजे आडवं वाचन. मीही उभंच वाचलं असतं. शोधनिबंध वाचून वाचून तीच सवय लागली आहे.

हे शिकवता येतं का? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हायस्कूलच्या मुलांना ५० मिनिटांचे फक्त सहा तास दिले, आणि नेहमीच्याच तासांना बसलेल्या मुलांपेक्षा त्यांची पारख स्पष्टपणे सुधारली. सगळ्यांची नाही, पण सहा तासांत एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं.

भाचीला म्हटलं, पान सोड, नवीन टॅब उघड, साइटचं नाव टाक आणि पुढे ‘पैसे कोण देतं’ असं शोध. चारेक मिनिटांत सापडलं: पिशव्या बनवणाऱ्या कारखानदारांची संघटना.

“मावशी, मग हे काढून टाकू?”

मी म्हटलं, ठेव, पण नावापुढे तेही लिही. तिने लिहिलं. मग विचारलं, “आजी व्हॉट्सॲपवर पाठवते, त्याला टॅब कुठून उघडायची?”