रोह्याच्या शाळेपासून एसटीच्या खिडकीपर्यंत

महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रोह्याच्या शाळेत शिकले. 1912 च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांचा विषय होता वनस्पतिशास्त्र. 1918 च्या आयसीएस परीक्षेतही ते पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाल्यावरही संस्कृतची ओढ सुटली नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी त्याच काळात केला. आवडीचा विषय परीक्षेनंतरही साथ देतो, तो असा.

सगळ्यांनाच ही ओढ पहिल्या दिवसापासून जाणवत नाही. अनेकदा आधी थोडे समजते, मग गोडी लागते.

समजलेले टिकवायचे कसे? रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के.

मुरूड, रेवदंड्याहून अलिबागच्या कॉलेजात येणाऱ्यांना हे सहज जमेल. परतीच्या एसटीत वही मिटून सकाळच्या तासाचे चार मुद्दे मनात मांडावेत, घरी पोचल्यावर लिहून पडताळावेत. जो मुद्दा निसटला, तेवढाच पुन्हा वाचावा. दोन-तीन दिवसांनी तेच मुद्दे न पाहता परत आठवावेत.