कोपरगावचे काळे आणि कोल्हे : ही आडनावं आली कुठून आणि त्यावरून खरंच काय कळतं?

कोपरगाव तालुक्यातल्या दोन सहकारी साखर कारखान्यांची नावं बघा. एक कर्मवीर शंकरराव काळे यांच्या नावाचा, दुसरा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे यांच्या नावाचा. दोघंही सहकारातले, दोघंही राजकारणातले आणि दोघंही शंकरराव. त्यामुळे इथे नुसतं 'शंकररावांचा कारखाना' म्हणून भागत नाही. कोणते शंकरराव, हे आडनावच सांगतं.

विधानसभेचंही तसंच. २००४ आणि २००९ ला अशोक काळे निवडून आले, २०१४ ला स्नेहलता कोल्हे, २०१९ आणि २०२४ ला आशुतोष काळे. २०१९ ची लढत तर अवघ्या ८२२ मतांनी ठरली. म्हणूनच कोपरगावच्या राजकारणाची बातमी आली की ही दोन आडनावं हमखास दिसतात.

पण या आडनावांचा अर्थ काय? ती फक्त कोपरगावचीच आहेत का? आणि सोशल मीडियावर आडनाव वाचून लगेच समोरच्याची जात ठरवली जाते, ते कितपत बरोबर आहे?

आधी अर्थ बघू

'काळे' आलं 'काळा' या शब्दावरून आणि 'कोल्हे' आलं 'कोल्हा' वरून. पण मग आडनाव 'काळा' किंवा 'कोल्हा' असं का नाही?

कारण मराठी व्याकरण. 'आ'ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन 'ए'ने संपतं. घोडा-घोडे, मुलगा-मुलगे, तसं काळा-काळे. आडनाव अख्ख्या घराण्याचं असतं, शिवाय मराठीत मान द्यायचा तरी आपण अनेकवचनच वापरतो. 'तो आला' पण 'ते आले'. गोरे, लांडगे, मुळे, तांबडे अशी असंख्य आडनावं याच साच्यातली आहेत.

आणखी एक गंमत. कोल्हा म्हटलं की बरेच जण इंग्रजी गोष्टीतला लाल-तपकिरी प्राणी डोळ्यासमोर आणतात. पण महाराष्ट्रात कोल्हा म्हणतात तो वेगळा, हिंदीत ज्याला 'सियार' म्हणतात तो. त्या गोष्टीतल्या प्राण्याच्या भारतीय भावंडाला मराठीत 'खोकड' असा स्वतंत्र शब्द आहे. कोल्हा उसाच्या शेतात लपतो आणि ऊस खातोही, त्यामुळे गोदावरीकाठच्या ऊसपट्ट्याला तो काही नवा नाही.

आडनावं पडायची कशी?

जपानमध्ये याचं उत्तर एका कायद्यात सापडतं. तिथे पूर्वी सामान्य माणसांना अधिकृतपणे आडनाव लावता येत नव्हतं. १८७० मध्ये परवानगी मिळाली आणि १८७५ मध्ये आडनाव सगळ्यांनाच सक्तीचं झालं. तिथली कितीतरी आडनावं शेत-डोंगरांवरून आली आहेत. 'तानाका' म्हणजे शेताच्या मध्यभागी, 'यामामोतो' म्हणजे डोंगराचा पायथा आणि 'कुरोदा' म्हणजे काळं शेत. तुर्कस्ताननेही १९३४ मध्ये कायदा करून सगळ्यांना आडनाव घ्यायला लावलं.

महाराष्ट्रात मात्र अशी एक तारीख नाही. इथे आडनावं हळूहळू आणि वेगवेगळ्या वाटांनी आली. त्यातल्या काही वाटा खुद्द कोपरगावातच दिसतात.

पहिली वाट हुद्द्याची. कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे इथे येऊन राहिले आणि इथेच त्यांचं निधन झालं. आपण त्यांना 'पेशवे' म्हणतो, पण घराण्याचं आडनाव होतं भट. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद मिळालं, ते पद घराण्यातच राहिलं आणि पुढे लोकांच्या तोंडी हुद्दा हेच आडनाव झालं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार ही सगळी याच वाटेनं आलेली आडनावं.

दुसरी वाट शेतीची. काळे कारखाना ज्या भागात आहे, तिथलं गाव कोळपेवाडी. कोळपे म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार. कोळपणी करतात ते त्यानेच. आणि कोळपे हे आडनावही आहे.

तिसरी वाट गावाची. गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणी मूळ गावावरून ओळखायचे आणि नावापुढे 'कर' लागायचं. कोपरगावचा माणूस दुसरीकडे गेला की तो झाला कोपरगावकर.

आणि चौथी वाट रंग, रूप, प्राणी, पक्षी यांची. काळे आणि कोल्हे इथे बसतात. वाघ, लांडगे, ससाणे, घोरपडे हे त्यांचे शेजारी.

मग आडनावावरून जात कळते का?

खरा घोळ इथेच होतो.

काळा रंग काही एका समाजाची मक्तेदारी नव्हती. एकाच नावाची अनेक माणसं सगळीकडेच होती आणि त्यांना वेगळं ओळखण्यासाठी रंगाचा शब्द कुठल्याही गावात, कुठल्याही घराला चिकटू शकत होता. म्हणूनच काळे हे आडनाव मराठा समाजात आहे, ब्राह्मणांमध्ये आहे आणि पारधी समाजातही आहे. कोल्हे हे मराठा, माळी आणि खानदेशातल्या लेवा पाटील समाजात सापडतं.

नुसत्या पुस्तकांच्या कपाटात बघितलं तरी हे कळतं. संस्कृत शिकणाऱ्यांना व्याकरणकार मो. रा. काळे माहीत असतात. 'पार्टनर' आणि 'वपुर्झा' लिहिणारे व. पु. काळे घराघरात पोहोचले. आणि 'कोल्हाट्याचं पोर' लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे कोल्हाटी समाजात, तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मले. आडनाव एक, पण वाट्याला आलेलं आयुष्य पूर्णपणे वेगळं.

पारधी समाजातल्या काळे कुटुंबांची गोष्ट तर आणखी कठीण. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ब्रिटिशांनी देशातल्या अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. पारधी त्यातलेच एक. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातला संशय त्यासोबत गेला नाही. म्हणजे काळे आडनावाच्या एका माणसाला गावात मान मिळतो, तर त्याच आडनावाच्या दुसऱ्याची चोरी झाली की आधी चौकशी होते. हा फरक आडनावाने केलेला नाही, आडनावापलीकडे जाऊन जात शोधणाऱ्यांनी केला आहे.

सरकारी कामातही आडनाव हा जातीचा पुरावा धरला जात नाही. तसं असतं तर कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमावी लागली नसती. आडनावांची यादी काढून विषय मिटला असता. प्रत्यक्षात जुनी महसुली दप्तरं, शाळेतली रजिस्टरं आणि मोडी कागद चाळावे लागले.

आता काय बदलतंय?

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

शेजारच्या बीड जिल्ह्यात जातीय तणाव वाढला, तेव्हा २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनाव काढण्यात आलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने समोरच्या पोलिसाची जात शोधत बसू नये, हा त्यामागचा विचार.

दुसरं म्हणजे, राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. किशोर शांताबाई काळे यांनी वडिलांच्या जागी आईचं नाव लावलं होतं, ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी.

थोडक्यात काय, तर दोन शंकररावांमध्ये फरक करणं हे आडनावाचं काम आहे आणि ते काम ते चोख करतं. माणूस कोण आहे, कसा आहे, कुणाच्या बाजूचा आहे, हे सांगणं त्याचं काम कधीच नव्हतं. पुढच्या वेळी कमेंटमध्ये कुणी 'आडनाव बघा, कळेल' असं लिहिलं, तर त्याला फक्त एवढंच विचारा : कुठले काळे?