पटावरचं मूल आणि शिकणारं मूल

ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. पथकांनी वर्गात जाऊन मुलं मोजली आणि बोगस पट उघडा पडला. पण शाळेला वर्गच नसेल तर मोजायचं काय? अमेरिकेतल्या सरकारी ऑनलाइन शाळांपुढे हाच प्रश्न आहे. तिथेही अनुदान मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर मिळतं. ओहायो राज्यातल्या ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ या शाळेने 2015-16 साठी पंधरा हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले. राज्याने संगणकावरच्या कामाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे 6,300 विद्यार्थ्यांचीच खातरजमा होऊ शकली. सुमारे सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी 2018 मध्ये शाळा बंद पडली. नाव नोंदवणं म्हणजे शिकणं नव्हे, हे त्यातून स्पष्ट झालं.

प्राथमिक वर्गांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सहा वर्षांचं मूल एकट्याने पडद्यासमोर शिकू शकत नाही. म्हणून या शाळा घरातल्या एका मोठ्या माणसाला ‘लर्निंग कोच’ नेमतात आणि बहुधा ते काम आई किंवा वडील करतात. फी नसली, प्रवेश सर्वांना खुला असला, तरी दोघेही दिवसभर कामावर असतील तर ते दार बंदच राहतं. कोविडपूर्वीच्या राष्ट्रीय आढाव्यांत या शाळांमध्ये गोऱ्या मुलांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आणि गरीब मुलांचं कमी दिसत होतं. मात्र हा दुसरा आकडा जपूनच वाचायला हवा. तिथे गरिबी बहुतेकदा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून मोजली जाते. ऑनलाइन शाळेत जेवणच नसतं, मग पालक तो अर्ज कशाला भरतील?

आजारी, दिव्यांग, छळाला कंटाळलेल्या किंवा दूरच्या वस्तीतल्या मुलांसाठी हीच शाळा आधार ठरते, असं समर्थक म्हणतात. ते खरंच आहे आणि म्हणून अशा शाळा बंद कराव्यात असं कुणी म्हणू नये. पण या मुलांचं भलं होतंय की नाही, हे एका ठरावीक दिवशीच्या पटावरून कळत नाही. वर्षाच्या मध्यात किती मुलं आली, किती गेली, प्रत्येक गटातली किती टिकली आणि काय शिकली, हे शाळांनी दर महिन्याला जाहीर करावं. सरकारी पैसा पटावरच्या नावासाठी नसतो, शिकणाऱ्या मुलासाठी असतो.